व्हॉलीबॉलच्या लक्षात राहिलेल्या मॅच, आणि आपल्या हायस्कूलची कोरी राहिलेली वही

(ग्रामीण प्रतिनिधी)

पोळा झाला की तालुक्याच्या शालेय स्पर्धांचं पत्रक शाळेत येतं. मग शाळेमागच्या मैदानावरचं गवत काढायचं, दोन खांब सरळ करायचे, मागच्या वर्षीची नेट कुठं फाटली ते बघून सुतळीनं शिवायची आणि पोरं दुपारनंतर व्हॉलीबॉलला उतरतात. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत हे चित्र आहे. व्हॉलीबॉलला खर्च कमी. 18 मीटर लांब, 9 मीटर रुंद जागा, एक नेट, एक बॉल आणि बारा पोरं. एवढ्यावर गावोगावच्या हायस्कूलनी टीमा उभ्या केल्या.

पण शाळेच्या ऑफिसात जाऊन विचारा, "आपली टीम तालुका कधी जिंकली? फायनलला स्कोअर काय होता? टीममध्ये कोण कोण होतं?" कपाटावर चार ढाली दिसतील. त्यावरचं नाव पुसलेलं, साल अर्धं दिसतंय. यापलीकडं काही सापडत नाही. म्हणून या लेखात दोन गोष्टी एकत्र दिल्या आहेत. जगात आणि देशात ज्या मॅच लक्षात राहिल्या त्यांची माहिती, आणि आपल्या शाळेच्या मॅच लक्षात राहाव्यात म्हणून काय करायचं ते.

आधी आमच्याच टीमची गोष्ट

मी 1995 साली दहावीला होतो. आमचं हायस्कूल तालुक्याच्या फायनलला पोचलं. समोर तालुक्याच्या गावची शाळा. त्यांच्या पायात बूट, अंगावर एकसारखे नंबरचे बनियन. आम्ही अनवाणी, आणि बनियनवर पाठीमागं खडूनं नंबर काढलेले. घामानं दुसऱ्या सेटपर्यंत नंबर गेले, तर पंचांनी सरांना बोलावून विचारलं, "यातला चार नंबर कोण?" मॅच तीन सेटची झाली. तेव्हा तालुक्याला तिसरा सेटही जुन्याच पद्धतीनं खेळवायचे, म्हणजे ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट. सूर्य मावळला तरी पॉइंट हलेना. शेवटी अंधुक उजेडात आमच्या लिफ्टरनं बॉल उचलला, स्मॅशरनं मारला, आणि आम्ही जिंकलो.

आता गंमत बघा. मी म्हणतो शेवटचा सेट 15-13 होता. लिफ्टर म्हणतो 16-14. ज्यानं शेवटचा स्मॅश मारला तो म्हणतो, आपण आधी 8-13 नं मागं होतो. चौथा म्हणतो, मागं कधी नव्हतोच. चौघंही त्या ग्राउंडवर होतो. तीस वर्षं झाली, दर यात्रेला हा वाद होतो आणि मिटत नाही. कारण स्कोअरशीट कुणाकडंच नाही.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही, ती खाली सांगतो.

जुना स्कोअर कसा वाचायचा

जुन्या आणि नव्या मॅचचे आकडे वेगळे दिसतात, त्यामुळं आधी हे समजून घ्या.

व्हॉलीबॉलचा जन्म 1895 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात होल्योक या गावी झाला. विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायाम शिक्षकानं हा खेळ काढला. सुरुवातीला नाव होतं मिंटोनेट. पुढच्याच वर्षी व्हॉलीबॉल हे नाव पडलं. आंतरराष्ट्रीय महासंघ 1947 साली पॅरिसला स्थापन झाला, आणि 1964 च्या टोकियो ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला.

जुन्या पद्धतीत सर्व्हिस करणाऱ्या टीमलाच पॉइंट मिळायचा. समोरच्यानं बॉल मारला तर फक्त सर्व्हिस जायची. याला आपल्याकडं साईड आऊट म्हणायचे. सेट 15 चा असायचा. 1998 साली महासंघानं प्रत्येक बॉलला पॉइंट ही पद्धत स्वीकारली आणि सेट 25 चा झाला. निकाली पाचव्या सेटला ही पद्धत सुमारे दहा वर्षं आधीच आली होती. तो सेट आजही 15 चाच आहे, आणि कुठलाही सेट दोन पॉइंटच्या फरकानंच संपतो. बचावासाठी वेगळ्या रंगाचा शर्ट घालणारा लिबेरो हा खेळाडूही 1998 च्या सुमारासच आला.

म्हणजे 15-8 दिसलं तर ती मॅच जुन्या काळची, 25-22 दिसलं तर नव्या काळची.

1964, टोकियो: गिरणीतल्या पोरींचं गोल्ड

तारीख 23 ऑक्टोबर 1964. ऑलिंपिकमध्ये महिलांचं व्हॉलीबॉल पहिल्यांदाच होतं. शेवटची लढत जपान विरुद्ध सोव्हिएत रशिया. जपानच्या टीममधल्या बहुतेक पोरी निचिबो या कापड कंपनीच्या काइझुका इथल्या गिरणीतल्या कामगार होत्या. दिवसा काम, आणि काम सुटल्यावर रात्री उशिरापर्यंत सराव. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु फार कडक. जमिनीवर झोकून देऊन बॉल उचलायचा आणि लोळण घेऊन लगेच उभं राहायचं, हा प्रकार त्यांनी या पोरींकडून घोटून घेतला. आज आपल्या शाळेतलं पोरगं लोळून बॉल उचलतं, त्याची ओळख जगाला या टीमनं करून दिली.

जपाननं मॅच 15-11, 15-8, 15-13 अशी जिंकली. तिसऱ्या सेटला 14-9 असताना सगळ्यांना वाटलं संपलं. पण रशियाच्या पोरींनी 14-13 पर्यंत आणलं. शेवटचा पॉइंट स्मॅशवर मिळालाच नाही. रशियाच्या खेळाडूचा हात नेटच्या पलीकडं गेला, पंचांनी फाऊल दिला आणि गोल्ड जपानला गेलं. जपानमध्ये टीव्हीवर सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या खेळांच्या कार्यक्रमांत ही मॅच आजही मोजली जाते.

शाळेच्या टीमनं यातून घ्यायचं ते एवढंच: 14-9 म्हणजे जिंकलो असं नाही.

1992, बार्सिलोना: पंचांनी न लिहिलेला पॉइंट

ही मॅच प्रत्येक क्रीडा शिक्षकानं पोरांना सांगावी. बार्सिलोना ऑलिंपिक, पुरुषांची मॅच, अमेरिका विरुद्ध जपान. अमेरिकेनं 1984 आणि 1988 चं गोल्ड जिंकलेलं. या मॅचला मात्र जपान दोन सेट विरुद्ध एक असा पुढं, आणि चौथ्या सेटला 14-13 वर मॅच पॉइंट जपानचा. तेवढ्यात अमेरिकेच्या बॉब सॅम्युअलसननं पंचांशी वाद घातला. त्याला त्या मॅचमधली दुसरी ताकीद मिळाली. नियमाप्रमाणं त्याचा एक पॉइंट जपानला जायला पाहिजे होता, म्हणजे मॅच तिथंच संपली असती. पण पंचांनी तो पॉइंट दिला नाही. खेळ पुढं चालू राहिला, अमेरिकेनं तो सेट घेतला, पाचवाही घेतला आणि जिंकल्याचा जल्लोष केला.

जपाननं तक्रार केली. दुसऱ्या दिवशी निकाल फिरवला गेला आणि मॅच 3-1 नं जपानला दिली. सॅम्युअलसनच्या डोक्यावर आजारामुळं केस नव्हते. त्याच्या पाठीशी आहोत हे दाखवायला अख्ख्या अमेरिकन टीमनं आपापली डोकी भादरली. त्याच टीमनं पुढं ब्राँझ जिंकलं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पंचांशी हुज्जत घातली तर पॉइंट जातो. आणि दिलेला, न दिलेला प्रत्येक पॉइंट कागदावर असला तरच दाद मागता येते. जपाननं दाद मागितली ती नियमाच्या आणि नोंदीच्या जोरावर, आरडाओरडा करून नव्हे.

1986, सोल: जपानला हरवून ब्राँझ

आता आपल्या देशाकडं येऊ. एशियाडमध्ये भारताच्या पुरुष टीमनं 1958 ला टोकियोत ब्राँझ, 1962 ला जकार्तात सिल्व्हर आणि 1986 ला सोलमध्ये ब्राँझ मिळवलं. 1986 ला भारतानं जपानला हरवलं. त्यानंतर आजपर्यंत एशियाडला व्हॉलीबॉलचं पदक आलेलं नाही.

त्या टीममध्ये केरळचा जिमी जॉर्ज होता. कण्णूर जिल्ह्यातल्या पेरावूर या गावचा. घरात आठ भाऊ, आठही व्हॉलीबॉल खेळणारे. वडील स्वतः खेळलेले, त्यांनीच पोरांना शिकवलं. भावाभावांची मिळून टीम मैदानात उतरायची. जिमीला 1976 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढं तो इटलीत व्यावसायिक क्लबकडून खेळला. त्या काळी भारतीय व्हॉलीबॉलपटूसाठी ही फार मोठी गोष्ट. 1987 च्या नोव्हेंबरमध्ये इटलीतच मोटार अपघातात तो गेला. वय अवघं बत्तीस. तिरुवनंतपुरमचं इनडोअर स्टेडियम त्याच्या नावानं आहे. लांब उडीतली अंजू बॉबी जॉर्ज ही त्याच्या भावाची बायको.

त्याच 1986 च्या टीममधला आणखी एक खेळाडू म्हणजे पी. व्ही. रमणा. आज लोक त्यांना बॅडमिंटनच्या पी. व्ही. सिंधूचे वडील म्हणून ओळखतात.

शाळकरी वयाची पोरं: 2003 आणि 2022

आपल्या हायस्कूल, ज्युनियर कॉलेजच्या पोरांना जवळची वाटावी अशी मॅच ही. 2003 साली थायलंडमध्ये मुलांची 19 वर्षांखालची जागतिक स्पर्धा झाली. भारताची पोरं थेट फायनलला पोचली. तिथं ब्राझीलनं हरवलं, पण सिल्व्हर मिळालं. जगातल्या 19 वर्षांखालच्या टीमांत आपण दुसरे होतो, हे आपल्या किती लोकांना माहीत आहे?

2022 ला तेहरानमध्ये आशियाई 18 वर्षांखालच्या स्पर्धेत भारतानं ब्राँझच्या लढतीत कोरियाला 3-2 नं हरवलं. आणि 2009 साली 21 वर्षांखालची जागतिक स्पर्धा आपल्या पुण्यातच झाली होती. ती ब्राझीलनं जिंकली.

2023, हांगझोऊ: पॉइंट सारखे, मॅच आपली

20 सप्टेंबर 2023, चीनमधलं एशियाड. भारत विरुद्ध दक्षिण कोरिया. कोरिया मागच्या एशियाडची सिल्व्हर विजेती टीम. अनेक दशकं एशियाडच्या पुरुष व्हॉलीबॉलमध्ये पदक ठरलेलं असणारा देश. स्कोअर बघा, भारताचे पॉइंट आधी:

25-27, 29-27, 25-22, 20-25, 17-15.

आता मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज करा. भारताचे झाले 116. कोरियाचेही 116. पाच सेट खेळून दोघांचे पॉइंट सारखे, पण तीन सेट आपण घेतले म्हणून मॅच आपली. एखादा सेट पाच पॉइंटनं गेला तरी चालतो, जवळचे सेट सोडायचे नाहीत, हे या एका ओळीतून कळतं. त्यानंतर भारतानं चायनीज तैपेईला 3-0 नं हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत जपानकडून हरलो आणि शेवटी सहावे आलो.

ही मॅच ज्यांनी पाहिली नाही त्यांनाही ती आज समजते. कारण पाच सेटचे दहा आकडे कुणीतरी नीट लिहून ठेवलेत. आमच्या 1995 च्या फायनलचे सहाच आकडे हवे होते. ते नाहीत.

न लिहिण्याची किंमत

आता ती राहिलेली गोष्ट. माझ्यानंतर काही वर्षांनी आमच्याच हायस्कूलची टीम तालुका, जिल्हा, विभाग असं जिंकत राज्याला गेली. गावाच्या इतिहासात पहिल्यांदा. त्या टीममधल्या एका पोरानं पुढं भरतीचा फॉर्म भरला. खेळाडूंसाठी राज्य शासनाच्या नोकऱ्यांत 5 टक्के आरक्षण आहे, हे त्याला कुणीतरी सांगितलं. प्रमाणपत्र पाहिजे होतं. त्याचं प्रमाणपत्र एका पावसाळ्यात घराची भिंत पडली त्यात ट्रंकेसकट भिजून गेलं. शाळेत आला, तर शाळेकडं नक्कल नाही, टीमची यादी नाही. कपाटाच्या खालच्या खणाला वाळवी लागलेली. ज्या सरांनी टीम नेली ते निवृत्त होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले. कागदाच्या मागं फिरता फिरता फॉर्मची तारीख गेली.

त्याला नोकरी लागलीच असती असं मी म्हणत नाही. कुठल्या स्तराचं, कितव्या क्रमांकाचं प्रमाणपत्र चालतं याचे नियम आहेत, पडताळणी आहे. पण निदान रांगेत उभं राहायचा त्याचा हक्क होता, तो वाळवीनं खाल्ला. आज तो माझ्या शेजारच्या शिवारात सोयाबीन करतो. मॅचचा विषय निघाला की उठून जातो.

शाळेनं आणि पालकांनी काय करायचं

शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय असा चढता क्रम आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, तेही ठरलेल्या स्तरावर खेळल्याचा पुरावा दिला तरच. नियम बदलत असतात, म्हणून चालू वर्षाची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातूनच घ्यावी. घरच्या घरी मात्र एवढं करता येतं:

1. शाळेनं दोनशे पानी जाड वही घ्यावी. प्रत्येक मॅचला एक पान. तारीख, ठिकाण, वयोगट, कुठला स्तर, समोरची शाळा, प्रत्येक सेटचा स्कोअर.

2. बाराही खेळाडूंची पूर्ण नावं आणि शर्टचा नंबर लिहावा. राखीव बसलेल्यांचीही. "इतर खेळाडू" असं लिहू नये.

3. सर्व्हिसचा क्रम लिहावा. सहा जण घड्याळाच्या काट्याप्रमाणं फिरतात, क्रम चुकला तर पॉइंट जातो. पुढच्या वर्षीच्या टीमला हा कागद शिकायला कामाला येतो.

4. मॅच संपल्यावर पंचांची परवानगी घेऊन स्कोअरशीटचा मोबाईलवर फोटो काढावा. नुसता ग्रुपवर टाकून सोडू नये, फोन बदलला की ग्रुपवरचे फोटो जातात. फोटो ईमेलवर पाठवून ठेवावा आणि एक प्रिंट वहीत चिकटवावी.

5. प्रमाणपत्र मिळालं त्याच आठवड्यात तीन झेरॉक्स काढाव्यात. एक शाळेत, एक घरी, एक नातेवाईकाकडं. मूळ प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावं. लॅमिनेशन करायच्या आधी चौकशी करावी.

6. प्रमाणपत्रावरचं नाव, जन्मतारीख आणि स्पर्धेचं साल तिथंच, ग्राउंडवर असताना तपासावं. चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्त होते. दहा वर्षांनी होत नाही.

7. हरलेल्या मॅचही लिहाव्यात. आमच्या शाळेच्या मुलींची टीम पहिल्यांदा तालुक्याला गेली तेव्हा पहिल्याच फेरीत हरली. नेट उसनी आणून दोन आठवडे सराव केला होता. आज त्यातल्या दोघी स्वतः शिक्षिका आहेत. त्या म्हणतात, "आम्ही हरलो ते लिहा, पण आम्ही गेलो होतो हे लिहा."

जुन्या खेळाडूंना विनंती

ज्यांच्या घरी जुने फोटो, ढाली, पेपरची कात्रणं, प्रमाणपत्रं असतील त्यांनी एकदा आपल्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना नक्कल द्यावी. फोटोच्या मागं पेन्सिलीनं नावं लिहावीत. ज्यांना आठवतं ती माणसं अजून आहेत तोवरच हे काम होईल.

आमच्या गावात गेल्या यात्रेला आम्ही चौघं बसलो आणि 1995 ची मॅच लिहून काढली. शेवटच्या सेटचा स्कोअर काही जुळला नाही. शेवटी वहीत लिहिलं, "तिसरा सेट 15-13 किंवा 16-14, आपली शाळा विजयी." त्याखाली बारा नावं लिहिली. अकरा लगेच आठवली. बारावं नाव राखीव बसलेल्या पोराचं होतं. ते आठवायला रात्रीचे दहा वाजले, पण आठवलं.